साडेदहा हजार किलोमीटर आणि एक शनिवार

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर आत सेंट हेलेना नावाचे बेट आहे. दक्षिण प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर रापा नुई आहे. बाहेरचे जग त्याला ईस्टर बेट म्हणून ओळखते. पहिल्यावर चार-साडेचार हजार माणसे राहतात, दुसऱ्यावर त्याच्या दुपटीपेक्षा थोडी कमी. पहिले नेपोलियनच्या कैदेमुळे शाळेच्या पुस्तकात आले, दुसरे मोआई या प्रचंड दगडी पुतळ्यांमुळे. दोन्ही बेटांवर एकेकच विमानतळ आहे आणि त्या विमानतळावर एकेकच धावपट्टी. जगातल्या एकाकी विमानतळांची यादी कोणीही करायला घेतली, तरी ही दोन नावे तिच्यात असतातच.

या दोन धावपट्ट्यांमध्ये अंतर किती? संगणकाला विचारले तर क्षणात उत्तर येते : सुमारे १०,५०० किलोमीटर. त्याखाली बहुतेक वेळा प्रवासाचा वेळही दिलेला असतो : बारा तास. मुंबई ते लंडन हे अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा प्रवास त्याच्या जवळजवळ दीडपट. पहिला आकडा चोख आहे. दुसऱ्या आकड्यावर विसंबून कोणी सुटीचा अर्ज भरला, तर मात्र त्याची पंचाईत होईल. अंतर आणि वेळ यांच्यामध्ये जे काही दडलेले असते, ते दिल्ली-मुंबईसारख्या रोजच्या मार्गांवर सहसा दिसत नाही. एका टोकाला सेंट हेलेना आणि दुसऱ्या टोकाला रापा नुई ठेवले, की ते सगळे उघडे पडते.

सुरुवात अंतरापासूनच करू. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक सेंट हेलेनावर धरावे, दुसरे रापा नुईवर, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. ही वाट म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. सेंट हेलेनाहून तो नैर्ऋत्येकडे निघतो, ब्राझीलच्या अगदी दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे शहराजवळ जमिनीवर चढतो, उरुग्वे ओलांडतो, अर्जेंटिनात रोसारिओजवळून पुढे सरकतो, पम्पाची गवताळ मैदाने आणि मग अँडीज पर्वत पार करतो. आणि अँडीज उतरताच जे शहर खाली येते ते चिलीची राजधानी सांतियागो! दोरा त्या शहराच्या विमानतळापासून फार तर पंचवीस-तीस किलोमीटरवरून जातो. साडेदहा हजार किलोमीटरच्या वाटेत पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही. तिथेच ही वाट सर्वांत दक्षिणेला पोचते आणि मग वायव्येकडे वळून रापा नुईला जाते.

योगायोग असा की रापा नुईला जाणारी विमाने ज्या शहरातून सुटतात, ते हेच सांतियागो. सेंट हेलेना ते सांतियागो ६,७५० किलोमीटर आणि सांतियागो ते रापा नुई ३,७५०. बेरीज पुन्हा साडेदहा हजारच. निसर्गाने ही दोन बेटे आणि हे शहर जणू एकाच ओळीत मांडून ठेवले आहेत. सेंट हेलेनाहून सांतियागोला जाणारे एक विमान असते, तर प्रवाशाला एक किलोमीटरचाही वळसा पडला नसता. पण तसे विमान नाही.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर वेगळेच दिसते. पट्टीने काढलेली रेघ ब्राझीलच्या व्हितोरिया शहराजवळून आत शिरते आणि चिलीच्या उत्तरेला अँतोफागास्ताजवळ बाहेर पडते, म्हणजे सांतियागोच्या उत्तरेला हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर. १५६९ साली गेरार्डस मर्केटरने बनवलेला हा नकाशा खलाशांसाठी होता. त्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याची वाट. जहाजाच्या सुकाणूवाल्याला ती सोयीची असते, पण ती सर्वांत जवळची नसते. या दोन बेटांच्या बाबतीत ती जवळजवळ तीनशे किलोमीटरने लांब पडते. विमानाच्या इंधनाच्या हिशेबात तीनशे किलोमीटर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर भरते, ध्रुवांपाशी ६,३५७. पृथ्वीला चेंडू मानून केलेल्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते; इथे ती पन्नासेक किलोमीटर होईल. थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ साली चपट्या पृथ्वीसाठी मांडलेली गणिती रीत ही चूक मिलीमीटरच्या आत आणते. अर्थात विमान काही मिलीमीटर मोजत उडत नाही, आणि विमानतळांमधले अंतर मोजतात तेही प्रत्येक विमानतळाच्या एका ठरवून दिलेल्या बिंदूपासून. धावपट्टीचे कोणते टोक वापरले यावर प्रत्यक्षात दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतातच.

हे सगळे गणित उभे आहे ते अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांवर. समुद्रात रेखांश शोधणे अठराव्या शतकापर्यंत दर्यावर्दींना फार अवघड जात होते, आणि ती अडचण सोडवण्याच्या इतिहासात सेंट हेलेनाला मानाची जागा आहे. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली १६७७ साली याच बेटावर राहून दक्षिण आकाशातल्या ताऱ्यांच्या जागा मोजत होता. त्याने नोंदवलेले ३४१ तारे १६७९ मध्ये प्रसिद्ध झाले. १७६१ साली नेव्हिल मॅस्केलिन शुक्राचे अधिक्रमण पाहायला इथे आला. ऐन वेळी ढग आले आणि अधिक्रमण हुकले. पण येता-जाता जहाजावर त्याने चंद्र आणि तारे यांच्यातला कोन मोजून रेखांश काढण्याची रीत कसून तपासली आणि १७६३ साली खलाशांसाठी त्यावर पुस्तक लिहिले. आज संगणक जो आकडा क्षणार्धात देतो, त्याच्या पायाशी या बेटाच्या वाटेवर जागून काढलेल्या रात्री आहेत.

आता वेळ. बारा तासांचा हिशेब साधा आहे : साडेदहा हजार किलोमीटरला ताशी पावणेनऊशेने भागायचे. पण विमान पहिल्या मिनिटापासून पावणेनऊशेने धावत नाही. दारे बंद होऊन विमान जागचे हलते तिथपासून दुसऱ्या टोकाला ते पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरतात. त्यात धावपट्टीकडे जाणे, चढणे, उतरणे असे सगळे येते. लांबच्या प्रवासात ही अर्ध्या तासाची भर जाणवत नाही, छोट्या प्रवासात मात्र तीच सगळा प्रवास होऊन बसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून लोगनएअर कंपनीचे छोटे विमान उडते. अंतर अवघे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात आणि अनुकूल वाऱ्यात एकदा हे अंतर ५३ सेकंदांत पार झालेले आहे. दोन्ही आकडे एकाच मार्गाचे, तरी त्यांच्यात दुपटीहून अधिक फरक!

वाऱ्याचा खेळ खरा पाहायचा तर सांतियागो-रापा नुई मार्गावर पाहावा. तीस अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, विमाने उडतात त्या उंचीवर वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणजे बेटाकडे जाताना तो तोंडावर आणि परतताना पाठीशी. समजा, स्थिर हवेत विमानाचा वेग ताशी ८८० किलोमीटर आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे. जाताना विमान जमिनीच्या हिशेबाने ७८० ने सरकेल आणि ३,७५० किलोमीटरला सुमारे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागतील. येताना वेग ९८०, वेळ तीन तास पन्नास मिनिटे. एक तासाचा फरक. वेळापत्रकातही तो दिसतो : जायला साडेपाच तासांच्या आसपास, यायला पाऊण-एक तास कमी.

इथे अनेकांना वाटते की जाताना गमावले ते येताना परत मिळाले, हिशेब बरोबर झाला. तसे होत नाही. वारा मुळीच नसता तर जाऊन-येऊन आठ तास एकतीस मिनिटे लागली असती. वाऱ्यासकट ती आठ तास अडतीस मिनिटे होतात. कारण तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि पाठच्या वाऱ्यात कमी वेळ. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असो, जाण्या-येण्याच्या बेरजेत तो थोडासा काढूनच घेतो.

वाऱ्यामुळे आणखी एक गोष्ट सरकते, आणि वैमानिकाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. वाटेत एखादा प्रवासी गंभीर आजारी पडला, तर पुढे जायचे की मागे फिरायचे? नकाशावर मध्यबिंदू सांतियागोपासून १,८७५ किलोमीटरवर येतो. पण वरच्याच उदाहरणात, सांतियागोपासून जवळजवळ २,०९० किलोमीटर गेल्यानंतरही मागे फिरायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागतो, कारण मागे फिरताच तोच वारा मदतीला येतो. अंतराचा मध्य आणि वेळेचा मध्य यांत दोनशे किलोमीटरहून अधिक समुद्र पसरलेला असतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा वारा पाहून हा बिंदू काढतात, आणि तो रोज वेगळा असतो.

रापा नुईला विमान पहिल्यांदा पोचले ते २० जानेवारी १९५१ रोजी. चिलीच्या हवाई दलाचे कप्तान रोबेर्तो पारागे यांनी ‘मानुतारा’ नावाचे कॅटलिना जातीचे, पाण्यावरही उतरू शकणारे विमान ला सेरेना शहरातून उडवले आणि एकोणीस तासांहून अधिक वेळ समुद्रावरून उडत राहून ते बेटावर उतरवले. ताशी दोनशे किलोमीटरहूनही कमी वेग, आणि खाली पाण्याशिवाय काही नाही. ठरलेल्या वाटेत दोन-तीन अंशांची जरी चूक झाली असती, तरी चोवीस किलोमीटर लांबीचे हे बेट नजरेआड राहिले असते. आजच्या विमानाला उपग्रह वाट दाखवतो. पारागे यांच्या विमानातल्या लोकांना ताऱ्यांवर आणि हिशेबावर भिस्त ठेवावी लागली.

रापा नुईच्या मातावेरी विमानतळाची धावपट्टी पुढे ३,३०० मीटरहून लांब झाली, आणि त्यामागचे कारण पर्यटन नव्हते. अमेरिकेचे अंतराळयान कॅलिफोर्नियाहून ध्रुवीय कक्षेत सोडायचे ठरत होते आणि संकटात सापडले तर त्याला उतरायला दक्षिण प्रशांतात एखादी लांब धावपट्टी हवी होती. म्हणून १९८० च्या दशकात नासाच्या पैशांतून ती वाढवण्यात आली. कॅलिफोर्नियाहून होणारी उड्डाणे पुढे रद्दच झाली आणि अंतराळयान इथे कधी उतरले नाही. पण त्या लांबीमुळे मोठी प्रवासी विमाने बेटावर येऊ लागली आणि रापा नुईचे सारे अर्थकारण बदलून गेले.

मातावेरीपासून दुसरा सर्वांत जवळचा विमानतळ कोणता? फ्रेंच पॉलिनेशियातल्या गाम्बिए बेटांवरचा, सुमारे २,६०० किलोमीटरवर. मोठ्या विमानाला तिथली धावपट्टी अपुरी. ताहितीचा विमानतळ मोठा, पण तो ४,२५० किलोमीटरवर. सर्वसाधारण नियम असा की विमान निघताना जिथे उतरायचे त्याशिवाय आणखी एका विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन बरोबर घेते. मुंबईत मुसळधार पाऊस असला तर विमाने अहमदाबाद किंवा हैदराबादकडे वळवता येतात ती याच इंधनाच्या जोरावर. रापा नुईच्या बाबतीत वळायला जागाच नाही. म्हणून अशा एकाकी विमानतळांसाठी वेगळा नियम आहे : बेटावर पोचल्यानंतर नेहमीच्या वेगाने दोन तास उडता येईल इतके इंधन शिल्लक हवे. ढग असोत, पाऊस असो, त्या दोन तासांत हवा निवळेल आणि धावपट्टी मोकळी होईल, हा त्यामागचा विचार.

पण धावपट्टीवरच एखादे विमान अडकून पडले तर? म्हणून मातावेरीचा आणखी एक शिरस्ता आहे. वाटेत एक बिंदू असा येतो की तो ओलांडल्यावर मागे फिरायला इंधन पुरत नाही. विमानाला बेटावरच उतरावे लागते. त्या बिंदूच्या पुढे एका वेळी एकच विमान जाते. पुढचे विमान सुखरूप उतरेपर्यंत मागच्याला तो बिंदू ओलांडू देत नाहीत. त्यामुळे दोन विमाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने येण्याचा इथे प्रश्नच नसतो. एका धावपट्टीच्या बेटावर किती माणसे येऊ शकतात, यावर असाही एक लगाम आहे.

सेंट हेलेनाची कहाणी वेगळी. तिथे विमानतळच २०१६ पर्यंत नव्हता. बेट ज्वालामुखीतून घडलेले, सपाट जमीन जवळजवळ नाहीच. पूर्वेकडच्या प्रॉस्परस बे प्लेन या पठारावर १,९५० मीटर लांबीची धावपट्टी बसवायची तर मधली ड्राय गट नावाची घळ बुजवावी लागणार होती. ती बुजवायला सुमारे ऐंशी लाख घनमीटर दगडमाती लागली. ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी २८.५ कोटी पौंड दिले. चार-साडेचार हजार लोकवस्तीसाठी एवढा खर्च कशाला, अशी टीका लंडनमध्ये झाली.

मग अडचण वाऱ्याची निघाली. या भागात वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. धावपट्टी समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर उंच कड्याच्या काठावर आहे. कड्यावर आपटलेला वारा वर उसळतो, आजूबाजूच्या टेकड्यांमुळे फिरतो, आणि उतरण्याच्या शेवटच्या क्षणी विमानाला एकाएकी वेगळ्याच दिशेचा, वेगळ्याच वेगाचा वारा लागतो. वैमानिक याला ‘विंडशिअर’ म्हणतात आणि जमिनीजवळ त्याला फार जपतात. एप्रिल २०१६ मध्ये बोईंग ७३७ विमानाच्या चाचणी उड्डाणात हा त्रास उघड झाला आणि मे महिन्यात ठरलेला उद्घाटनाचा सोहळा पुढे ढकलावा लागला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ म्हणून टाकले. बेटावरच्या माणसांसाठी तो शब्द क्रूर होता. आजारी माणसाला केप टाऊनच्या रुग्णालयात न्यायला ज्यांना जहाजावर पाच रात्री काढाव्या लागत, त्यांच्या दृष्टीने ही धावपट्टी म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

तोडगा निघाला तो लहान विमानाचा. दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीने एम्ब्राएर १९० हे विमान निवडले आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, शनिवारी, जोहान्सबर्गहून पहिले नियमित प्रवासी विमान बेटावर उतरले. जोहान्सबर्ग ते सेंट हेलेना अंतर ३,६८० किलोमीटर. विमान नामिबियात थांबून इंधन भरून घेते, म्हणजे बेटावर उतरता आलेच नाही तर परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येण्याची सोय राहते. नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या वॉल्व्हिस बेपासून बेट २,२६० किलोमीटरवर आहे. तेवढेच जायचे आणि गरज पडल्यास तेवढेच परत यायचे, इतके इंधन टाक्यांत घातले की वजन वाढते, आणि लहान धावपट्टीवर उतरायचे तर वजन मर्यादेत हवे. म्हणून सुरुवातीला जवळजवळ शंभर आसनांच्या या विमानात ७६ प्रवाशांनाच बसवत. रिकाम्या आसनांच्या जागी परतीचे इंधन बसलेले होते, असे म्हटले तरी चालेल.

सेंट हेलेनाला सर्वांत जवळचा दुसरा विमानतळ असेन्शन बेटावर, तेराशे किलोमीटर वायव्येला. एअरलिंकचे विमान महिन्यातून एकदा तिथेही जाऊन येते. दक्षिणेला सुमारे २,४०० किलोमीटरवर त्रिस्तान दा कुन्हा आहे, पण तिथे विमानतळच नाही. केप टाऊनहून जहाजाने आठवडाभर जावे लागते.

आता प्रत्यक्ष प्रवास मांडून पाहू. सेंट हेलेनाहून रापा नुईला निघालेला प्रवासी शनिवारी विमानात बसतो आणि त्याला जायचे असते त्याच्या नेमक्या उलट दिशेला, पूर्वेकडे निघतो. जोहान्सबर्गला पोचेपर्यंत रात्र होते. तिथून साओ पावलो ७,४४० किलोमीटर. आदल्या दिवशी सोडलेला अटलांटिक महासागर तो पुन्हा, या वेळी बराच दक्षिणेकडून, आडवा पार करतो. साओ पावलो ते सांतियागो २,६१० किलोमीटर आणि मग शेवटचा ३,७५० किलोमीटरचा टप्पा. बेरीज जवळपास १७,५०० किलोमीटर. दोऱ्याने दाखवलेल्या वाटेपेक्षा सात हजार किलोमीटर जास्त, आणि तेही फक्त सांतियागोपर्यंत पोचण्यासाठी. शेवटचा टप्पा दोन्ही हिशेबांत एकच आहे.

विमानात बसून काढलेला वेळच चोवीस तासांच्या आसपास भरतो. विमानतळांवरचे मुक्काम धरले तर शनिवारी निघालेला माणूस, सगळी जोडविमाने नीट मिळाली तरी, सोमवारच्या आधी रापा नुईच्या हांगा रोआ गावात क्वचितच पोचेल. वाटेत घड्याळ सहा तास मागेही न्यावे लागते, कारण सेंट हेलेना ग्रीनिचची वेळ पाळते आणि रापा नुई हिवाळ्यात तिच्या सहा तास मागे असते, उन्हाळ्यात पाच.

बेटांचे असे दूर असणे कायमचे असते का? इतिहास नाही म्हणतो, आणि त्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. १८०५ मध्ये तो भारतातून मायदेशी परतला तेव्हा त्याचे जहाज सेंट हेलेनाला थांबले आणि ‘द ब्रायर्स’ नावाच्या घरी त्याचा मुक्काम पडला. दहा वर्षांनी त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. नेपोलियन ऑक्टोबर १८१५ मध्ये कैदी म्हणून या बेटावर आला आणि पहिले काही आठवडे त्याच ब्रायर्समध्ये राहिला. एकाच घरात या दोघांनी राहावे हा चमत्कार वाटतो, पण त्या काळी तो चमत्कार नव्हता. मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून इंग्लंडला परतणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत आणि गोडे पाणी, भाजीपाला घ्यायला सेंट हेलेनाला थांबत. वर्षाला शेकडो जहाजे. बेट समुद्राच्या मधोमध होते, पण रहदारीच्या रस्त्यावर होते. तरीही अंतर आपला हिसका दाखवी. ५ मे १८२१ रोजी नेपोलियन वारला, त्याची बातमी लंडनला पोचली ४ जुलैला.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मुंबईसाठी तो भाग्याचा दिवस होता. लंडनची वाट हजारो किलोमीटरने आखूड झाली, बंदर वाढले, गोद्या बांधल्या गेल्या. सेंट हेलेनासाठी तोच कालवा अवदसा ठरला. भारतातून येणारी जहाजे थांबेनाशी झाली, व्यापार आटला, माणसे कामधंद्यासाठी केप वसाहतीकडे निघून गेली. बेट जागचे एक मीटरही हलले नव्हते. लंडनपासूनचे त्याचे अंतर तेवढेच होते, पण रस्ता दुसरीकडून गेला आणि बेट दूर गेले. पुढे शतकभराहून अधिक काळ ते फक्त जहाजाच्या भरवशावर राहिले. १९९० पासून आरएमएस सेंट हेलेना हे टपाल आणि प्रवासी जहाज केप टाऊनहून येई. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते शेवटची फेरी करून गेले, तेव्हा बंदरावर निरोप द्यायला बेटाची राजधानी जेम्सटाउन लोटली होती.

विमानतळाने पाच रात्री घटवून काही तासांवर आणल्या, आणि तो बदल फार मोठा आहे. मात्र जहाजाच्या काळातल्या फेऱ्यांच्या तारखा गेल्या आणि त्या जागी शनिवार आला. गर्दीच्या हंगामात आठवड्यात आणखी एखादे विमान जोडले जाते, एरवी शनिवार हाच बेटाचा दरवाजा. शनिवारी कड्यावरचा वारा फार चढला किंवा ढग खाली आले, तर विमान परत जाते आणि नवा दिवस ठरेपर्यंत बेटावरचे सगळे बेत लांबणीवर पडतात : लग्नाला आलेले पाहुणे, डॉक्टरांची ठरलेली भेट, दुकानात यायचे सामान.

रापा नुईहून सेंट हेलेनाला यायचा उलटा प्रवास तर जाण्याच्या प्रवासाहून कठीण आहे. रापा नुईहून निघणाऱ्याला पश्चिमेचा वारा पाठीशी मिळतो. सांतियागोपर्यंत पाऊण तास वाचतो, साओ पावलोहून जोहान्सबर्गला येतानाही वाचतो. घड्याळ मात्र आता पुढे न्यावे लागते, तेही एकंदर सात-आठ तास, कारण जोहान्सबर्ग ग्रीनिचच्याही दोन तास पुढे आहे. रापा नुईहून गुरुवारी निघाले तर कागदावर शुक्रवारी रात्री जोहान्सबर्ग गाठता येते आणि शनिवारी सकाळचे सेंट हेलेनाचे विमान मिळते. पण मधले एखादे विमान चार तास उशिरा आले, साओ पावलोचे जोडविमान चुकले, की शनिवार हातचा जातो आणि पुढचा सात दिवसांवर. चार तासांची किंमत सात दिवस. म्हणून जाणता प्रवासी हा प्रवास बुधवारी सुरू करतो, जोहान्सबर्गला एक अख्खा दिवस राखून ठेवतो आणि शनिवारी पहाटे, विमान सुटण्याच्या बऱ्याच आधी, विमानतळावर हजर असतो.